कस्टमर केअर, नवी पेठ

संपादकांनी विषय दिला होता ‘डिजिटल युगातला ग्राहक’. असल्या विषयावर लिहायचं तर एखाद्या तज्ज्ञाला गाठावं, चार कलमं विचारून घ्यावीत, अशी रीत आहे. मी नवी पेठेत जाऊन बसलो. सोलापुरात ज्याचं ज्याचं मोबाईल कंपनीशी, बँकेच्या ॲपशी नाहीतर एखाद्या पोर्टलशी बिनसतं, तो फिरून फिरून शेवटी तिथल्याच एखाद्या दुकानाच्या काउंटरला येऊन टेकतो.

दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरणारा गाळा. काचेखाली कव्हरं, टेम्पर्ड ग्लास, चार्जर. मागच्या भिंतीवर तीन कंपन्यांचे बोर्ड. ते लावायचे पैसे मिळायचे तेव्हाचे. आता मिळत नाहीत, पण काढायला वेळ कोणाला आहे? संध्याकाळी सहाच्या पुढे गर्दी सुरू झाली, आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की विकत घ्यायला जवळजवळ कोणीच येत नव्हतं.

मार्केट यार्डातला एक हमाल आला. हातात बटणांचा जिओफोन. “व्हॉट्सॲप गेलं बघा, परत घालून द्या की ओ.” ते परत येणार नव्हतं. २०१७ मध्ये दीड हजाराच्या अनामतीवर हा फोन घरोघरी गेला, पुढच्या वर्षी त्यात व्हॉट्सॲप आलं, आणि ज्या कायओएसवर तो चालतो त्यासाठीचं व्हॉट्सॲप कंपनीनं २०२५ च्या सुरुवातीला बंद करून टाकलं. फोन धडधाकट, बॅटरी दोन दिवस पुरते, आवाज खणखणीत. कांद्याच्या गाड्यांचा निरोप मात्र ज्या ग्रुपवर येतो तो ग्रुप आता दिसत नाही. दुकानदारानं हे सगळं दोन वाक्यांत सांगितलं. हमालानं ऐकलं आणि विचारलं, “मग मी काय केलतो?” म्हणजे माझं काय चुकलं होतं. याला उत्तर नव्हतं.

त्याच्यामागे एक आजोबा. आयपीएल दिसत नाही. २०२३ मध्ये जिओसिनेमावर सगळे सामने फुकट होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन ॲपं मिळून जिओहॉटस्टार झालं आणि थोडा वेळ खेळ दाखवून ते पैसे मागू लागलं. आजोबांना कोणतं ॲप कोणात विलीन झालं याच्याशी देणंघेणं नाही. काल याच खुणेवर बोट ठेवलं की मॅच लागायची, आज लागत नाही. म्हणजे पोरानं काहीतरी बिघडवलं, असा त्यांचा पक्का समज. घरी नातवाला बोलणी बसून झाली होती.

मग दुकानदारानं खालच्या खणातून एक लांबडी वही काढली. हिशेबाची असेल असं मला वाटलं. आत नावं होती: गिऱ्हाइकाचं नाव, गाव, जीमेल आणि पासवर्ड. शेकड्यांनी. फोन रिसेट केला की तो आधीचं जीमेल मागतो, ते दिलं नाही तर फोनचा दगड होतो. ते जीमेल तर फोन घेतला त्या दिवशी याच दुकानात, याच काउंटरवर काढलेलं. गिऱ्हाईक ते त्याच दिवशी विसरतं. म्हणून ही वही. पासवर्ड बहुतेक सारखेच, पुढे गावाचं नाव आणि मागे ‘ॲट १२३’. मोहोळ, मंद्रूप, वळसंग, बोरामणी. सायबर सुरक्षेवर व्याख्यानं देणाऱ्यांना ही वही दाखवली तर घाम फुटेल. पण तिच्यातल्या माणसांना व्याख्यान नको होतं, फोन सुरू होऊन हवा होता. दुकानदार ती रोज रात्री कुलपात ठेवतो. याचे पैसे? “दहा-वीस देतात कोणी. कोणी चहा पाजतात. म्हातारं माणूस असलं तर काय मागायचं, मालक?”

एका कंपनीनं मुंबईत की बेंगळुरूत बसून एक बटण इकडचं तिकडे केलं की त्याची मजुरी नवी पेठेत पडते. ही मजुरी कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढंच.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

मोबाईलवाल्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. त्यामुळे तेरा पगार कोणालाही मिळत नसले तरी वर्षाला तेरा रिचार्ज मारावे लागतात. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, प्रत्येक कंपनीला निदान एक तरी तीस दिवसांचा प्लॅन ठेवायला भाग पाडलं. तो असतो. आपणहून तो मागणारं गिऱ्हाईक दुकानदाराला आठवेना.

ज्यांना आठवतं त्यांच्यासाठी सांगतो: वीसेक वर्षांपूर्वी ‘लाइफटाइम इनकमिंग’ची कार्डं निघाली होती. एकदा पैसे भरा, जन्मभर फोन येत राहतील. जन्म काही तेवढा लांबला नाही. २०१८ च्या अखेरीला एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं फोन नुसता चालू ठेवायलाही दरमहा किमान रिचार्ज लावला. तोवर जिओ येऊन दोन वर्षं झाली होती आणि डेटा इतका स्वस्त झाला होता की तक्रार करायला कोणी थांबलं नाही. आता गणित उलटं फिरलंय. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २३९ चा प्लॅन २९९ वर गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये जिओ आणि एअरटेल दोघांनीही २४९ चा, रोज एक जीबीचा प्लॅनच काढून टाकला. किंमत वाढवली की बातमी होते. स्वस्तातली वस्तू फळीवरून उचलली तर बातमी लहान होते.

ज्याला फक्त बोलायचंय त्याचं काय? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितलं की नुसतं कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर द्यायलाच हवं. त्याप्रमाणे २०२५ च्या सुरुवातीला ती आली: जिओचं ४४८ रुपयांत ८४ दिवस, एअरटेलचं ४६९ त तेवढेच दिवस. २९९ चे तेरा रिचार्ज म्हणजे ३,८८७ रुपये. बिनडेटाच्या व्हाउचरवर वर्ष साधारण दोन हजारांत निघतं. बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे जवळजवळ निम्मे पैसे वाचतात. पण ॲप उघडलं की समोर ओटीटीसकटचे, ‘सर्वाधिक पसंतीचे’ प्लॅन. हे व्हाउचर शेवटच्या कुठल्यातरी कप्प्यात. ते शोधून देणारा कोण, तर पुन्हा काउंटरवरचा तोच. त्याचं कमिशन रकमेवर ठरतं, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाचवले की याचे कमी होतात. तरी तो दाखवतो. “उद्या दुसऱ्यानं दाखवलं तर शिवी मलाच पडंल की.”

इथवरचं सगळं पैशांचं झालं. खरी गंमत पुढे आहे.

रिचार्ज परवडत नाही म्हणून माणूस महिनाभर कार्ड तसंच ठेवतो. मग कोणीतरी चौकात छत्री टाकून नवं सिम जवळपास फुकट देतो, ते घेतो. जुनं कार्ड वापराविना साधारण तीन महिने पडलं की कंपनी तो नंबर परत घेते आणि पुढे दुसऱ्याला विकते. यात बेकायदा काही नाही. पण आधार, बँक, रेशन आणि गॅस या चारही ठिकाणी नोंदवलेला नंबर तोच असतो. ओटीपी जातात कुठल्यातरी परक्या माणसाच्या खिशात. बँकांना याची इतकी डोकेदुखी झाली की १ एप्रिल २०२५ पासून असे बंद पडलेले किंवा फिरून वाटले गेलेले नंबर यूपीआयमधून काढून टाकायला सांगण्यात आलं. ठीकच केलं. पण ज्याचा नंबर गेला त्याला हे कळतं भाजीवाल्यापुढे, पैसे जाईनात तेव्हा.

म्हणून ‘ओटीपी येईना’ हे नवी पेठेतलं सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य आहे. ते म्हणणाऱ्याला वाटतं नेटवर्क नाही. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “आधारला कुठला नंबर हाय?” त्यावर गिऱ्हाईक गप्प होतं.

बोट उठत नाही

अशोक चौक ओलांडला की सोलापूरचा पूर्व भाग सुरू होतो. घराघरांतून तेलुगू ऐकू येते, उंबऱ्यात बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. सुपात तेंदूची पानं, जर्दा, दोरा. पान कात्रीनं मापात कापायचं, जर्दा पसरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. पुढे अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे आणि तिच्यापलीकडे रे नगर. तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाटल्या गेल्या.

या बायांचे हात बघावेत. अंगठा आणि तर्जनीच्या टोकाची कातडी पानानं, दोऱ्यानं गुळगुळीत झालेली असते. तिथं रेषा शोधाव्या लागतात. आणि अलीकडे सगळं चालतं ते रेषांवर. बँकेच्या प्रतिनिधीकडून पैसे काढायला अंगठा, रेशनला अंगठा, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा. ही पेन्शन किती, तर प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेत किमान हजार रुपये. तो आकडा २०१४ पासून हललेला नाही. तेवढ्यासाठी ती बाई जिवंत आहे हे यंत्राला पटवावं लागतं.

सेतू केंद्र चालवणारी एक मुलगी मला हे दाखवत होती. अंगठा ठेवला, लाल उजेड लागला, नाही. तर्जनी, नाही. मग तिनं बाटलीतलं खोबरेल दिलं, बोट चोळून पुसायला लावलं, पुन्हा ठेवलं. डाव्या हाताची करंगळी लागली. “अक्का, पुढल्या टायमाला पयली करंगळीच ठेवा.” विडी वळताना करंगळी पानाला फारशी घासत नाही. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. तिनं स्वतः शोधून काढलंय. आता चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो, २०२१ पासून ती सोय झाली आणि ती खरोखर चांगली आहे. पण त्याला बरा कॅमेरा असलेला स्मार्टफोन लागतो, म्हणजे पुन्हा सेतूच. त्यात मधेच जुन्या दर्जाची अंगठ्याची यंत्रं बाद ठरली आणि नवी, जास्त सुरक्षित यंत्रं घ्या असा हुकूम निघाला. घेतली कोणी? त्या मुलीनं, स्वतःच्या पैशानं. जुनं यंत्र टेबलाच्या खणात आहे, चालू स्थितीत.

सरकारच्या लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी तिच्या दारात रांग रस्त्यापर्यंत गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. बाईच्या आधारला आलेला ओटीपी, शिवाय नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारला आलेला ओटीपी, असे दोन. नवरा भिवंडीला मागावर. फोन लावायचा, तो मागाच्या खडखडाटात ऐकू येईपर्यंत थांबायचं, त्यानं मेसेज शोधून सहा आकडे तेलुगूत सांगायचे, हिनं ते मराठीत भरायचे, हे सगळं ओटीपी शिळा व्हायच्या आत. नवरा नाही, वडीलही नाहीत, अशा बाईनं काय भरायचं, या प्रश्नाला सुरुवातीच्या त्या पडद्यावर जागाच नव्हती. ज्यानं ते पान बनवलं त्याच्या डोळ्यांपुढे एक घर होतं. त्या घरात सगळे हयात होते आणि सगळ्यांकडे रिचार्ज होता. यात कुठल्याही खासगी कंपनीला दोष देता येणार नाही, हे खरं. पण सरकारची खिडकीही आता कंपनीच्या ॲपसारखीच वागायला लागली आहे, आणि आधारला जोडलेला नंबर बदलायला केंद्रावर पन्नासाचे पंचाहत्तर रुपये झाले ते याच हंगामात, ऑक्टोबरपासून.

पुठ्ठे आणि डाँगल

पूर्व भागातच एका छापखान्यात गेलो. लग्नपत्रिका, मराठी, कन्नड आणि तेलुगू, कधी तिन्ही एकाच पत्रिकेत. मालकाकडे दोन कॉम्प्युटर. एक नवा, इंटरनेटचा. दुसरा कोपऱ्यात, कापडानं झाकलेला, त्याला नेटची वायर कधीच लावत नाहीत. त्यावर विंडोज एक्सपी, पेजमेकर आणि श्रीलिपी, मागे जुन्या प्रिंटर पोर्टला लावलेलं डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअरची चावी. नव्या मशीनला ते पोर्टच नाही. त्याचे गणपती, कलश, वेलबुट्ट्या आणि गेल्या पंचवीस वर्षांचा मजकूर सगळा या झाकलेल्या डब्यात. तो बंद पडला तर धंदा बंद, असं तो म्हणाला नाही. त्यानं फक्त दाखवलं की असल्याच दोन जुन्या मशीनचे सुटे भाग त्यानं माळ्यावर ठेवलेत.

नव्याचंही सुख नाही. अडोबीनं २०१३ पासून सॉफ्टवेअर विकत द्यायचं सोडून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं थांबलं की अवजार हातातून जातं, आपण केलेलं काम मात्र त्याच अवजारात अडकलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला जी सुरक्षेची चिप लागते ती याच्या ‘नव्या’ कॉम्प्युटरात नाही. आता कंपनीचंही एक म्हणणं आहे आणि ते अगदीच खोटं नाही: जुन्या घराची डागडुजी कोणी जन्मभर फुकट करत नाही, आणि एक्सपीला तिनं २००१ पासून २०१४ पर्यंत सांभाळलंच. माझी हरकत वेगळी आहे. वस्तू घेताना ती किती वर्षं चालू ठेवणार हे खोक्यावर छापलेलं नसतं. औषधाच्या पट्टीवर असतं.

छापखान्याच्या पाठीमागे यंत्रमागाचा कारखाना. तिथला आवाज अंगात शिरतो. मागाच्या डोक्यावर जकार्ड, आणि त्यातून फिरणारी पुठ्ठ्यांची माळ. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं. जिथं भोक तिथं सुई आत जाते, ताण्याचा तो धागा उचलला जातो. नाही तिथं खाली राहतो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची एक ओळ. अशा शेकडो ओळींतून चादरीवर मोर उमटतो. जकार्डनं १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवलेली ही युक्ती, तिच्यातूनच पुढे कॉम्प्युटरला पंचकार्ड सुचलं. म्हणजे त्या हिशेबानं सोलापूर दीर्घकाळ प्रोग्रॅमच चालवतंय.

कारखान्याच्या मालकानं भिंतीला टांगलेले जुने संच दाखवले. कडा काळ्या पडलेल्या, काही दोरे नव्यानं ओवलेले. वडिलांच्या वेळचं डिझाईन. मागणी आली की आजही लावतात, चादर निघते. पुठ्ठा फाटला तर तेवढाच नवा ठोकून घेतात. ज्यानं तो पाडला त्याला विचारावं लागत नाही, आणि रात्रीत त्यात कोणी बदलही करून जात नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्ड घ्यायचा विचार आहे का, असं मी विचारलं. त्यानं मला उलट विचारलं, “त्याला दरवर्षाला पैशे भरायचे का एकदाच?”

नऊ दाबा

सोलापूरला नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. पण त्यात एक सोय आहे: चावीवाला. पाणी सोडायला येणारा माणूस गल्लीला माहीत असतो, त्याला अडवता येतं, शिव्या देता येतात, चहाही देता येतो. मोबाईलच्या दुनियेतून नेमका हा चावीवाला गेलाय. फोन लावला की मराठीसाठी अमुक दाबा, तमुकसाठी नऊ, आणि मग एक गोड आवाज आपल्याला ॲप डाउनलोड करायला सांगतो. ॲप चालत नाही म्हणूनच तर फोन केलेला असतो.

कागदावर मात्र ग्राहक बराच बळकट आहे आणि याचं श्रेय थोडं महाराष्ट्राकडे जातं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा देशात ग्राहकासाठी वेगळा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला. त्यातली सर्वांत कामाची गोष्ट ही की कंपनी कुठलीही असो, दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. गुरुग्रामच्या कंपनीला सोलापूरच्या आयोगापुढे यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही. ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात व्हायला हवं. ३० नोव्हेंबर २०२३ ला तर केंद्रानं फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी जाहीर करून बंद केले: गुपचूप टोपलीत काहीतरी टाकणं, ‘दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं, घेताना एक टिचकी पण सोडताना चक्रव्यूह. वाचताना आपल्याच फोनचं वर्णन वाटतं.

मोबाईल कंपन्यांची गोष्ट आणखी निराळी. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालत नाहीत, तारेच्या जुन्या कायद्याखाली लवादाकडे जा, असंच कंपन्या सांगत राहिल्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचं बिल पाचशेच्या आसपास येई, एका महिन्यात २४,६०९ रुपये लावले गेले होते. तो मंचात गेला आणि कंपनीनं हाच मुद्दा काढला. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल लागला की ग्राहक आयोगाला अधिकार आहे. बिल २०१३ चं होतं. नुसतं कुठल्या दारात उभं राहायचं हे ठरायला आठ वर्षं!

त्या दाराआधी कंपनीच्या घरातले दोन जिने चढायचे असतात. आधी कॉल सेंटरला तक्रार आणि तिचा नंबर, मग त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील, त्याला ३९ दिवसांची मुदत. ट्राय एकेकट्याची तक्रार घेतच नाही. त्यातल्या त्यात सोपी वाट १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलते, आणि रक्कम लहान असली तर पुष्कळदा कंपनी तेवढ्यानं जागी होते. आयोगाचा अर्ज घरबसल्या करायला १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ आहे. तिथं खातं उघडायला काय लागतं? ओटीपी.

नवी पेठेतल्या दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं, कारण एव्हाना त्याची स्वतःचीच एक तक्रार निघाली होती. काउंटरवर ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं ओरडणारं जे खोकं असतं, ते द्यायला आलेला पोरगा म्हणाला होता, फुकट आहे. काही महिन्यांनी रोज जमा होणाऱ्या रकमेतून भाडं कापलं जायला लागलं. महिन्याला शंभराच्या वर. तो पोरगा नोकरी सोडून गेला, त्याचा नंबर लागत नाही. खोकं परत कुठं द्यायचं तर गावात त्या कंपनीचं ऑफिस नाही. भाडं खात्यातून नव्हे तर येणाऱ्या पैशांतूनच वळतं होतं, त्यामुळे ऑटोपे बंद करण्याचाही प्रश्न नाही. शेकडो लोकांच्या तक्रारी वाहणाऱ्या या माणसानं स्वतःची तक्रार चार महिने केलेली नव्हती.

१९१५ लावा, मी म्हटलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. अर्धा तास फोनवर घालवला तर तेवढ्यात पाच गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात जातात. शंभर रुपयांसाठी ते परवडत नाही, हा त्याचा हिशेब बरोबरच होता, आणि कंपनीचा हिशेबही नेमका यावरच उभा असणार. मग त्यानं दुसराच मार्ग काढला. बायकोच्या नावावरच्या बँक खात्याचा साधा क्यूआर छापून घेतला आणि काचेला चिकटवला. जुन्या क्यूआरवर आता पैसेच येत नाहीत, म्हणून भाडं कापायला काही उरत नाही. खोकं काउंटरखाली गेलं. काचेवर स्केच पेननं एक पाटी आली: ‘पैसे पाठवल्यावर मोबाईल दाखवणे.’ गर्दीत पन्नासदा मान वर करून पडदा बघावा लागतो, तेवढं काम मात्र त्याचं वाढलं. आणि कंपनीच्या ॲपवर त्याच्या नावापुढे थकबाकी दर महिन्याला चढते आहे.